नातीच्या कानामागचं मशीन: दिवसभर हाताळणाऱ्या आजीचा अभिप्राय

आमच्या घरात कानाला मशीन लावणारी दोन माणसं आहेत. एक मी आणि दुसरी माझी चार वर्षांची नात. माझं ऐकणं उतारवयात कमी झालं, तिचं जन्मतःच कमी होतं. तिचे आईबाबा कामावर जातात, त्यामुळे सकाळी मशीन चढवण्यापासून संध्याकाळपर्यंत तिची जोडी माझ्या हाताखाली असते. मोल्ड धुणं, नळीतला ओलावा काढणं, बॅटरी बघणं, शिट्टी वाजली तर कारण शोधणं, हे सगळं मीच करते. मशीनमध्ये किती चॅनेल आहेत, किती प्रोग्राम आहेत हे माहितीपत्रकात मिळेलच. लहान मुलाचं बोलणं घडवायला हे यंत्र किती उपयोगी पडतं, कुठे कमी पडतं आणि त्याच्याकडून काय मागायचं, ते मी सांगते.

तिचं मशीन कानामागे बसणारं आहे, ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारे तज्ज्ञ, ज्याला बीटीई म्हणतात ते. त्यातून एक नळी निघते आणि कानाच्या मापाने बनवलेल्या मऊ सिलिकॉनच्या मोल्डमध्ये जाते. दोन्ही कानांना एकेक. तिची घट आतल्या कानातली, मध्यम आणि तीव्र यांच्या मधली, जाड सुरांत कमी आणि बारीक सुरांत जास्त आहे. कंपनी आणि मॉडेल मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या मुलाचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या सुरात किती ऐकू येतं त्याचा आलेख, वेगळा असणार, कान वेगळा असणार. शिवाय मुलांसाठीच्या चांगल्या डिजिटल मशीनमध्ये आपसात जेवढा फरक आहे, त्याहून जास्त फरक ते मशीन कोणी आणि कसं बसवून दिलं यामुळे पडतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी थोडं माझ्या मशीनबद्दल, कारण त्याच्याशी तुलना केल्यावरच मला मुलांच्या मशीनचं मर्म कळलं. सून विचारते, "आई, गोळी घेतलीत का?" त्या 'घेतलीत'मधला शेवटचा 'त' माझ्यापर्यंत कधी पोचतो, कधी नाही. पंखा चालू असेल तर नाहीच. तरीही प्रश्न मला पूर्ण कळतो. सून मला अहोजाहो करते हे ठाऊक आहे, गोळीची वेळ झाली हे ठाऊक आहे, आणि जन्मभर मराठी बोलल्यामुळे वाक्य कुठे जाणार हे आधीच कळतं. कानाने गाळलेलं डोकं भरून काढतं, आणि तेही इतक्या सहज की गाळलं गेलं होतं हे माझ्या लक्षातही येत नाही.

नातीला हे करता येत नाही. गाळलेलं भरून काढायला आधी भाषा पक्की असावी लागते, आणि ती भाषाच तिला या मशीनमधून मिळवायची आहे. जो आवाज तिच्यापर्यंत कधी पोचलाच नाही, तो तिच्या मराठीत असणार तरी कसा? मोठ्यांच्या मशीनची परीक्षा "आता बरं ऐकू येतं का?" एवढ्यावर भागते. तिच्या मशीनची तेवढ्यावर भागत नाही. मशीन लागल्यावर मूल हाकेला वळतं, दार वाजलं की बघतं, आणि सगळ्या घराला हायसं वाटतं. पण हाकेला वळायला ठळक स्वर पुरतात. बोलायला शिकण्यासाठी हलके, क्षणभरात विरणारे, शब्दाच्या टोकाचे आवाजही लागतात. तिथे मशीन किती पोचतं, यावर मी त्याचे गुण ठरवते.

त्यातला सर्वात अवघड आवाज 'स'. आमच्या घरच्या बोलण्यात 'तू कुठे जातेस' आणि 'ती कुठे जाते' यांत क्रियापदाच्या टोकाला फक्त एका 'स'चा फरक आहे. करतेस, आहेस, आलीस... मूल दिवसातून शेकडो वेळा हे ऐकतं आणि कोणी न शिकवता 'तू'चं क्रियापद वेगळं आणि 'ती'चं वेगळं हे उचलतं. नातीचं बोलणं सुरू झालं तेव्हा तिच्या वाक्यात हा 'स' कुठेच नव्हता. सुरुवातीला सगळीच मुलं हे टोक गाळतात, म्हणून आम्ही वाट पाहिली. पण स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक गोष्ट हेरली. आजोबांनी तोंड झाकून 'स' म्हटलं की ती 'स' म्हणायची. मी किंवा तिच्या आईने म्हटलं की गप्प राहायची, नाहीतर 'श' म्हणायची.

याचं कारण आवाजाच्या मोजमापात आहे. सूर किती बारीक ते हर्ट्झमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका सूर बारीक. पुरुषाच्या 'स'चा जोर साधारण ५,००० हर्ट्झच्या आसपास असतो. बायकांच्या आणि मुलांच्या आवाजात तो ८,००० ते ९,००० पर्यंत चढतो. अमेरिकेत ओमाहाच्या बॉइज टाउन रुग्णालयात पॅट्रिशिया स्टेलमाकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काळात यावर बरंच काम केलं. त्या वेळच्या मशीनची पोच ५,००० ते ६,००० हर्ट्झपर्यंत असायची, म्हणजे बायकांचा 'स' मुलांच्या कानात जवळजवळ जातच नव्हता. आणि लहान मूल दिवसभर कोणाच्या सहवासात असतं? बहुतेक घरांत आईच्या, आजीच्या, इतर मुलांच्या.

आजची मशीन आणखी वर पोचतात, पण माहितीपत्रकावर छापलेला वरचा आकडा आणि त्या सुरात तुमच्या मुलाच्या कानात खरोखर पुरेसा मोठा आवाज पडतो की नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नातीच्या मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी लोअरिंग नावाची सोय आहे. फार वरच्या सुरातला आवाज ते खालच्या सुरात आणून देतं, जिथे तिचा कान जास्त चांगला आहे. ही सोय चालू केल्यावर माझा 'स' तिला पहिल्यांदा कळायला लागला, यात शंका नाही. पण तिचा 'स' आणि 'श' यांचा घोळ वाढला, कारण खाली आणलेला 'स' 'श'च्या जवळ जाऊन बसला. ऑडिओलॉजिस्टनी मग सोय पूर्ण बंद न करता शक्य तितकी सौम्य केली, दोन्ही आवाज वेगळे राहतील एवढी. हे जमायला बऱ्याच भेटी लागल्या. सोय चांगली आहे, पण ती चालू करून देणाऱ्याने मुलाला 'स' आणि 'श' आळीपाळीने ऐकवून तपासायला हवं. तसं कोणी तपासत नसेल तर तिचा उपयोग थोडा आणि घोळ जास्त.

रोज सकाळी मशीन चढवलं की मी तिला सहा आवाज ऐकवते. म, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग यांनी ही चाचणी बसवली. बोलण्यातला जाड सुरापासून बारीक सुरापर्यंतचा सगळा पट्टा या सहा आवाजांत येतो. मी तिच्या मागे उभी राहते, म्हणजे ओठ वाचता येत नाहीत. आवाज ऐकला की तिने तो परत म्हणायचा. फार लहान होती तेव्हा डब्यात ठोकळा टाकायची. क्रम रोज बदलते आणि मध्येच गप्प राहते, म्हणजे अंदाजाने उत्तर देता येत नाही. मिनिटभराचं काम आहे, आणि मशीनमध्ये बिघाड झाला तर इथेच कळतो. 'म' आणि 'ऊ' आले पण 'श' आणि 'स' गेले, तर मी आधी नळी बघते. बहुतेक वेळा त्यात पाण्याचा थेंब असतो. मशीनचा दिवा तेव्हाही हिरवाच असतो. मशीन चालू आहे एवढंच दिवा सांगतो. 'स' पोचतोय का, ते मुलालाच विचारावं लागतं.

आता मशीन बसवण्याबद्दल, कारण पालकांची सर्वात जास्त फसगत इथे होते. आम्ही पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो तिथे मशीन कॉम्प्युटरला जोडलं, ऑडिओग्रामचे आकडे भरले, एक कळ दाबली आणि "झालं, घेऊन जा" म्हणाले. त्या कळीने जे होतं त्याला फर्स्ट फिट म्हणतात. कंपनीच्या सॉफ्टवेअरने सरासरी कान धरून केलेला तो अंदाज असतो. बाळाचा कान तसा नसतो. कानाची नळी इवलीशी असते, आणि लहान जागेत तोच आवाज जास्त जोराचा होतो. मोठ्यांच्या तुलनेत हा फरक, विशेषतः बारीक सुरांत, १० ते २० डेसिबलपर्यंत (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) जाऊ शकतो. शिवाय मूल वाढतं तशी नळी वाढते आणि हा फरक सरकत राहतो. म्हणून प्रत्येक मुलाच्या कानात बारीक नळीचा माइक घालून प्रत्यक्ष मोजावं लागतं. त्या मोजणीला आरईसीडी म्हणतात. एकदा ती घेतली की बाकीचं जुळवणं मशीन तपासणीच्या पेटीत ठेवून करता येतं, बाळाला तासभर गप्प बसवावं लागत नाही.

आम्ही दुसरीकडे गेलो. तिथे ही मोजणी झाली आणि पडद्यावर रेषा दिसल्या. हळू बोलणं, नेहमीचं बोलणं, मोठ्याने बोलणं, प्रत्येकाची एक रेषा, आणि तिच्या कानाला किती हवं त्याच्या खुणा. या खुणा ठरवण्याची दोन नावाजलेली सूत्रं आहेत, कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाचं डीएसएल आणि ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकॉस्टिक लॅबोरेटरीजचं एनएएल. कोणतंही चालेल, पण त्यातलं लहान मुलांचं माप वापरलंय ना, ते विचारा. पहिल्या ठिकाणच्या सेटिंगमध्ये हळू बोलण्याची रेषा बारीक सुरांत खुणांच्या कितीतरी खाली होती. मशीन तेच, बदललं फक्त सेटिंग. आधी दुसऱ्या खोलीतून बोलल्यावर ती अजिबात दखल घेत नव्हती. नंतर थोड्या दिवसांत खेळता खेळता मान वर करायला लागली. ज्या ठिकाणी ही मोजणी होत नाही तिथून लहान मुलाचं मशीन घेऊ नका. मशीन कितीही भारी असलं तरी घेऊ नका.

आणि हे एकदा करून भागत नाही. नवा मोल्ड आला की पुन्हा मोजायचं, कारण मोल्ड बदलला की कानात उरलेली जागा बदलते.

मोल्ड हा या सगळ्यातला कच्चा दुवा आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. मशीन वर्षानुवर्षं चालतं, मोल्ड नाही. पहिल्या वर्षात बाळाचा कान इतक्या झपाट्याने वाढतो की काही आठवड्यांतच मोल्ड सैल पडतो. सैल मोल्डमधून आवाज बाहेर झिरपतो, माइक तो परत उचलतो आणि शिट्टी वाजते. कडेवर घेतलं की शिट्टी, कुशीवर झोपली की शिट्टी, टोपी घातली की शिट्टी. ती वाजू नये म्हणून सगळ्यांचा हात मशीनचा आवाज कमी करण्याकडे जातो. पण आवाज कमी केला की पहिला बळी जातो तो बारीक सुरांचा, म्हणजे पुन्हा त्याच 'स'चा. मशीनमध्ये शिट्टी दाबणारी यंत्रणा आहे आणि ती चांगलं काम करते, पण तिच्यावरही मर्यादेबाहेर भार टाकू नये. शिट्टीवर खरा उपाय एकच, नवा मोल्ड. माप दिल्यापासून मोल्ड हातात पडेपर्यंत जे दिवस जातात, त्यांत जुना सैल मोल्ड चालवावा लागतो. म्हणून मी शिट्टीची वाट बघत नाही. मोल्डची कड कानाच्या खळग्यातून वर आलेली दिसली की लगेच माप द्यायला नेते. आता चौथ्या वर्षी मोल्ड बराच काळ टिकतो. पण नळी मधूनमधून कडक आणि पिवळी होते, तेव्हा ती बदलून घ्यावीच लागते.

माझ्या मशीनला असा मोल्ड नाही. बारीक तार आणि रबराची छोटी टोपी आहे, दिसतंही नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलासाठी तसंच, नजरेत न येणारं मशीन मागितलं होतं. त्यांची भावना मला समजते, पण मशीन मुलाच्या भाषेसाठी निवडायचं आहे. कानामागच्या मशीनमध्ये कान वाढला तर फक्त मोल्ड बदलतो, मशीन तेच राहतं. ते दणकट असतं, मुलाच्या तोंडात जाण्यासारखे सुटे भाग कमी असतात. नातीने मोल्डचा रंग स्वतः निवडला आहे, गडद जांभळा, आणि ती तो सगळ्यांना दाखवते. आम्हाला तो लपवायची गरज कधी वाटली नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. तिच्या मशीनला १३ नंबरची, नारिंगी स्टिकरची झिंक-एअर बॅटरी लागते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवून मग घालायची, कारण ती हवेवर चालते. बॅटरीच्या दाराला लॉक आहे आणि ते छोट्या अवजारानेच उघडतं. माझ्या दुखऱ्या बोटांना त्याचा त्रास होतो, तरी लहान मुलांच्या मशीनला लॉक असलंच पाहिजे. बटणाएवढी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत आतून भाजतं. अशा वेळी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा. जुन्या बॅटऱ्याही मुलाच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत. चार्जिंगच्या मशीनमध्ये ही काळजी बरीच कमी होते. तो पर्याय मला जास्त पसंत आहे, फक्त रात्री चार्जिंगला लावायची आठवण पक्की हवी. धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी६८ आहे. घाम आणि शिंतोडे तिच्या मशीनने सोसले आहेत, पण आंघोळीला आम्ही मशीन काढतोच. रात्री सुकवायच्या डबीत ठेवते, ती डबी न चुकता घ्या. आणि एक दोरी-क्लिप. एक टोक मशीनला, दुसरं फ्रॉकच्या पाठीला. वर्षभराच्या बाळाला कानातलं उपसून फेकता येतं, आणि ते कुठे फेकलं हे सांगता येत नाही.

आता वेळेबद्दल. मशीनच्या आत एक नोंद होत असते, रोज सरासरी किती तास ते चालू होतं याची. त्याला डेटा लॉगिंग म्हणतात. भेटीच्या वेळी ऑडिओलॉजिस्ट ती वाचतात. या मशीनमधली मला सर्वात उपयोगी वाटलेली सोय हीच आहे.

अमेरिकेत तीनशेहून जास्त मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून एक मोठा अभ्यास झाला. सौम्य ते तीव्र घट असलेली मुलं होती, म्हणजे आमच्या नातीसारखी. ब्रूस टॉम्ब्लिन, मेरी पॅट मोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ज्या मुलांना मशीनमधून बोलणं जास्त चांगलं ऐकू येत होतं त्यांची भाषा जास्त वेगाने वाढली, आणि दिवसाला १० तासांहून जास्त मशीन लावणाऱ्यांची प्रगती इतरांपेक्षा चांगली झाली. त्याच गटाने पालकांनी सांगितलेले तास मशीनच्या नोंदीशी ताडून पाहिले, तेव्हा पालकांचा आकडा सरासरी दोन तासांहून जास्त मोठा निघाला. कोणी खोटं बोलत नव्हतं. आंघोळीला काढलेलं मशीन अर्ध्या तासाने चढतं, गाडीत उपसलेलं घरी आल्यावर चढतं, दुपारच्या झोपेनंतर विसरून जातं, आणि आपल्या मनात मात्र 'दिवसभर लावलं' असंच असतं.

१० तास म्हणजे लहान मुलाचा जवळजवळ सगळा जागेपणीचा वेळ. तो गाठायचा तर मशीन 'अभ्यासाच्या वेळी' लावून चालत नाही. थेरपीला जाताना लावायचं आणि घरी आल्यावर 'दमली असेल' म्हणून काढायचं, असं मी काही घरांत पाहिलं आहे. थेरपी तासभराची असते. भाषा त्या तासाबाहेर मिळते, कपडे घालताना, जिन्यावरून उतरताना, मोठी माणसं आपसात बोलत असताना. आपल्याला उद्देशून नसलेलं बोलणं मूल कान देऊन उचलतं, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या वाट्याला नेमकं तेच सर्वात कमी येतं. म्हणून आमच्याकडे ती जागी झाली की मशीन चढतं आणि झोप लागली की निघतं.

मूल सारखं मशीन उपसत असेल तर हट्ट समजण्याआधी मोल्ड टोचतोय का, कान लाल झालाय का, आवाज बोचतोय का ते बघावं. मोठा आवाज झाला की डोळे मिटून घेते, दचकते, असं दिसलं तर पुन्हा मोजून घ्यावं. सर्दी झाली की कधी कधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकणं आणखी घटतं. त्या दिवसांत सहा आवाजांची चाचणी बिघडली, तर कानाच्या डॉक्टरांकडे न्यावं.

मशीन किती लवकर लागलं यालाही मोठं वजन आहे. कोलोरॅडोत ख्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये दाखवलं की सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. ऑस्ट्रेलियात तेरेसा चिंग यांच्या गटाने शेकडो मुलांना पाच वर्षांपर्यंत पाहिलं, तेव्हा लवकर मशीन लागण्याचा फायदा घट जास्त असलेल्यांना अधिक झालेला दिसला. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत सुरू, हा क्रम तज्ज्ञ सांगतात, आणि जिथे तो साधतो तिथे आणखी आधी गाठायला सांगतात. "बाळ अजून लहान आहे, बोलायला लागेल तेव्हा बघू," असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मूल बोलण्याआधी कितीतरी महिने ऐकण्यात घालवतं, आणि तेच महिने बोलण्याचा पाया असतात. तुमच्या मुलाचं निदान उशिरा झालं असेल तरीही आजपासून पूर्ण दिवस मशीन लावण्यात मोठा अर्थ आहे. त्या अमेरिकन अभ्यासात उशिरा मशीन लागलेली मुलंही वापर चांगला ठेवल्यावर अंतर कमी करत गेली.

मशीन जे करू शकत नाही तेही सांगते. ते आवाज मोठा करतं, गोंगाटातून माझा आवाज निवडून काढणं त्याला फारसं जमत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो, आणि मशीन दूरचा आवाज उचलताना मधला गोंगाटही तेवढाच उचलतं. गोंगाट दाबायची आणि समोरचाच आवाज घ्यायची सोय त्यात आहे. माझ्या मशीनमध्ये ती मला फार आवडते. नातीच्या मशीनमध्ये ती आम्ही जपून वापरतो, कारण लहान मूल बोलणाऱ्याकडे तोंड करून बसत नाही, आणि मागून आलेलं बोलणं दाबलं गेलं तर तेवढी भाषा कमी झाली.

इथे रिमोट माइक उपयोगी पडतो. छोटा माइक माझ्या गळ्याशी असतो आणि माझा आवाज बिनतारी थेट तिच्या मशीनमध्ये जातो, जणू मी तिच्या कानाशी वाकून बोलतेय. रस्त्यावर, गाडीत, बागेत याचा फरक लगेच कळतो. ती घसरगुंडीच्या टोकाला असते आणि मी बाकावरून "आता हळूच ये" म्हणते, ते तिला 'हळूच'सकट ऐकू येतं. बालवाडीत तिच्या बाई तो लावतात. फक्त माइक बंद करायची शिस्त हवी. बाई दुसऱ्या मुलाशी बोलतात तेव्हा किंवा मी फोनवर असते तेव्हा तो चालू राहिला, तर नको ते बोलणं तिच्या कानात भरत राहतं आणि शेजारच्या मैत्रिणीचं बोलणं दबतं. घरात शांतपणी आम्ही तो वापरत नाही.

आणि बोलायचं काम तर माणसांनाच करावं लागतं. मी तिच्या जवळ जाते, तिच्या उंचीला बसते, नेहमीच्या चालीत आणि पूर्ण वाक्यात बोलते. 'दे', 'बस', 'ये' असे तुटक शब्द मुद्दाम टाळते. ती "पाणी" म्हणाली की "तुला पाणी हवंय? थंड हवं की साधं?" असं तिचंच वाक्य वाढवून परत देते आणि उत्तराची वाट बघते. वाट बघणं मला अवघड गेलं, पण तिला ऐकलेलं जुळवायला थोडा जास्त वेळ लागतो.

अतितीव्र घट असलेल्या मुलांना सर्वोत्तम मशीन सर्वोत्तम रीतीने बसवूनही बोलण्याचे बारीक आवाज पोचत नाहीत. तसं पडद्यावरच्या रेषांत दिसत असेल आणि मूल प्रतिसाद देत नसेल, तर कॉक्लियर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या उपकरणाबद्दल, लवकर विचारावं, नवनवी मशीन बदलत वेळ घालवू नये. आणि खुणांची भाषा शिकवली की बोलणं मागे पडेल, ही भीती मला पटत नाही. मुलाला कुठल्या ना कुठल्या वाटेने भरपूर भाषा मिळणं महत्त्वाचं. आम्हीही पहिली दोन वर्षं बऱ्याच खुणा वापरल्या, आणि शब्द आले तशा त्यातल्या कितीतरी आपोआप गळाल्या.

सध्या नात "आजी, तू येतेस ना?" असं म्हणते, 'स'सकट, जवळजवळ प्रत्येक वेळी. दमली की तो 'स' अजून पडतो. शब्दसंग्रह तिच्या वयाच्या मुलांच्या जवळ आला आहे. लांब वाक्यं आणि गोष्ट क्रमाने सांगणं यावर थेरपीत काम चालू आहे. मशीनला मी आवाजाच्या दर्जासाठी आणि टिकाऊपणासाठी भरभरून गुण देते, बॅटरीच्या दारासाठी थोडे कमी. मोल्ड आणि नळी यांच्यासाठी मात्र मनापासून देता येत नाहीत. एवढं प्रगत यंत्र अजूनही एका सैल पडणाऱ्या रबरी तुकड्यावर अवलंबून आहे, आणि तो तुकडा बनून यायला वेळ लागतो. बनवणाऱ्यांनी यावर मेहनत घ्यायला हवी. दुसरी मागणी त्या तासांच्या नोंदीची. ती फक्त ऑडिओलॉजिस्टच्या पडद्यावर, काही महिन्यांनी एकदा दिसून फारसा उपयोग नाही. रोज संध्याकाळी घरच्यांना दिसली, तर दुपारनंतर राहून गेलेलं मशीन दुसऱ्याच दिवशी वेळेवर चढेल. काही नव्या मशीनच्या ॲपमध्ये तो आकडा दिसतो. पुढची जोडी घेताना मी आधी तेच विचारणार आहे.